आमची घरकुलं आणि कौसाबाई

घर बांधून झालं की मागं काहीतरी उरतंच. अर्ध्या विटा, दोन घमेली रेती, वाकडे खिळे, न् एखादा किस्सा. विटा, रेती, खिळे पुढच्या घराला लागून जातात. किस्से मात्र कुणी नेत न्हाई, ते माझ्यापाशीच पडून राहतात. आता इतके झालेत की नात म्हणली, "आबा, रोज तेच तेच सांगता, एकदाचं लिहून काढा न् मोकळे व्हा." मी तिसरी पास. पास म्हणजे मास्तरनं पुढं ढकलला. तरी लिहून राह्यलो. कुणाला आवडलं न्हाई तर वाचू नका, मी काही घरी येऊन विचारणार न्हाई.

आम्ही तिघं. मी मिस्त्री, उभी हयात थापी हातात. दुसरा रहीमभाई, सेंट्रिंगवाला. फळ्या ठोकायच्या, लोखंड बांधायचं, न् स्लॅब भरून होईस्तोर कुणाशी बोलायचं न्हाई. तिसरी कौसाबाई. घमेलं वाहणारी. बाकी माणसं आली न् गेली, पुण्याला गेली, कंपनीत लागली. आम्ही तिघं राह्यलो. भोकरदन तालुक्यातली गावंच्या गावं आम्ही घरकुलानं भरली. सरकारी घरकुल म्हणजे पावणेतीनशे फुटाच्या आतलं घर. एक खोली, एक सैपाकघर, भिंतीवर योजनेचं नाव.

सरकार म्हणतं, सगळ्यांना घर, घर हा हक्क. चांगली गोष्ट आहे, माझं पोट त्याच्यावरच चाललं. पण जिनं अर्ध्या तालुक्याच्या भिंती डोक्यावर वाहिल्या ती कौसाबाई गायरानाच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहत होती. वावटळ आली की पत्र्यावर दगड ठेवायचे, न् दगड कमी पडले तर स्वतः दोरी धरून बसायचं. माणूस कधीच गेला, लेक दिलेली. हे सगळे किस्से फिरून फिरून तिच्या घरापाशीच येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

*

जाफराबादकडं एका गावात सारजाबाई म्हणून म्हातारी होती. तिचं घर धरलं होतं. घरकुलाचा नियम असा, की जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, स्लॅब झाला की फोटो. घरासमोर मालकानं उभं राहायचं न् इंजिनेरनं फोन दाबायचा. फोटो वर गेला की पुढचा हप्ता खाली येतो. फोटोसंगं फोन जागाही नोंदवतो, म्हणजे हे घर पृथ्वीवर कुठं आहे ते.

इंजिनेर नवा होता, कंत्राटावरचा. त्या गावात रेंज न्हाई. तो बिचारा आधी उकिरड्यावर चढला, मंग पाण्याच्या टाकीवर. अर्ध्या घंट्यानं खाली आला तर तोंड उतरलेलं.

"आजी, तुमचं घर धरणाच्या मधोमध दिसून राह्यलंय."

धरण तिथून दोन कोस लांब! मी म्हणलो, "साहेब, मी जोतं इथं भरलंय, तुमच्या पायाखाली."

"मी काय करू मिस्त्री? फोन म्हणतो पाण्यात. पाण्यातल्या घराला हप्ता निघत न्हाई."

सारजाबाई तंबाखू मळत बसल्ती. हात न थांबवता म्हणली, "मंग घराचं राहू दे लेकरा. होडी मंजूर कर."

आम्ही हसलो. इंजिनेर पण हसला. पण फोनला पटेस्तोर सव्वा महिना गेला, न् तेवढे दिवस म्हातारी नुसत्या जोत्यावर पांघरूण टाकून, उघड्यावर राह्यली. कारण जुनं घर पाडल्याशिवाय नवं सुरू करता येत न्हाई, हाही नियमच.

*

दुसरं दोन भावांचं. बापाच्या नावावर घरकुल आलं. घर झालं न् बाप गेला. दोन्ही भावांचं पटेना. थोरला मला म्हणला, "मिस्त्री, मधून भिंत घाला."

मी म्हणलो, "भिंत घालतो. पण दार एक आहे, खिडकी एक आहे. वाटून कसं देऊ?"

"दार मला. मी थोरला."

धाकटा हट्टाचा. म्हणला, "राहू दे दार. मला खिडकी बस."

घातली भिंत. माझं काम भिंत घालायचं, अक्कल घालायचं न्हाई. धाकटा दीड वर्ष खिडकीतून आत-बाहेर करत होता. खाली एक दगड बाहेरून, एक दगड आतून. गावाला सवय झाली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घरात आहे ना? मंग झालं."

मंग त्याच्या लग्नाचं निघालं. पोरीचा बाप घर पाहायला आला, हसनाबादकडचा, धोतर नेसलेला, डोक्याला फेटा. त्याला दगडावर उभं केलं, खालून दोघांनी धरलं, वरून धाकट्यानं ओढलं. फेटा खिडकीच्या कडीला अडकला. आत बसून चहा पिला बिचारा. निघताना खिडकीत बसूनच म्हणला, "पोरगं चांगलं हाय. पोरगी देतो. पण माझी लेक ह्या घरात खिडकीतून येणार न्हाई, न् खिडकीतून जाणार पण न्हाई."

थोरला दारात उभा राहून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. भिंत पाडायला. कौसाबाईनं विटा वेचून अंगणात रचल्या न् थोरल्याला म्हणली, "भाऊ, विटा जपून ठेवा. अजून भाऊबंद लई हायेत गावात."

*

आता कौसाबाईचं.

दत्तूचं घरकुल आम्ही संपवलं होतं. दत्तू म्हणजे आमच्याच गावचा, टमटम चालवतो, गरीब माणूस. दाराला निळा रंग दिल्ता, ओला होता अजून. दुपारी जेवायच्या वख्ताला सर्व्हेवाला आला. ज्यांना घर न्हाई त्यांची यादी करत होता. फटफटीवरून उतरला, घामानं भिजलेला, म्हणला, "इथं कौसाबाई कोण? गायरानात गेल्तो, तिथं कुलूप."

कुलूप कसलं, पत्र्याला तार गुंडाळलेली. कौसाबाई उठली. आजपर्यंत तिचा फोटो कुणी काढला न्हवता, आधार कार्डावरचा सोडून, न् त्यात ती कुणालाच ओळखू येत न्हाई. तिनं पिपातल्या पाण्यानं तोंड धुतलं. केसातलं सिमेंट झटकलं. पदर नीट केला. कुठं उभी राहू म्हणून इकडं तिकडं पाहून राह्यली.

न् मी म्हणलो. दुसरं कुणी न्हाई, मीच म्हणलो, "त्या दारात उभी राहा कौसाबाई. निळ्या रंगावर चांगली दिसशील."

राह्यली उभी. सर्व्हेवाल्यानं फोटो काढला. फोनमध्ये भिंत, छत, दार काय काय विचारतात, ते त्यानं समोर पाहून भरलं. आमच्याकडं भाकरीचा चतकोर मागून खाल्ला न् पुढच्या गावाला गेला.

कौसाबाई दिवसभर खुश होती. रहीमभाई म्हणला, "आक्का, आज तो हिरोइन दिख रही." तिनं त्याच्या अंगावर ओली रेती फेकली.

*

यादी वाचायला ग्रामसभा भरली तवा कौसाबाई पुढं बसल्ती. नाव आलं. नावापुढं लिहिलेलं, "पक्के घर आहे. अपात्र."

ती आधी हसली. तिला वाटलं दुसरी कुणी कौसाबाई असंल. मंग ग्रामसेवकानं फोन पुढं केला. दत्तूचं दार, निळा रंग, न् मधी ही, पदर डोक्यावर, तोंड धुतलेलं.

"ही तुम्हीच ना बाई?"

"मीच हाय."

"मागचं घर पक्कं आहे ना?"

मी मागं उभा होतो. मला राहवलं न्हाई. "पक्कं न्हाई कसं? मी बांधलंय!"

सभा हसली. माझ्या तोंडातून निघून गेलं. माझ्या भिंतीला कुणी कच्ची म्हणलं की माझं डोकं फिरतं, त्याला मी काय करू? पण ग्रामसेवकानं ते लिहून घेतलं. रहीमभाईनं माझ्याकडं असं पाह्यलं, की मी त्या दिवशी त्याच्यासंगं चहा पण पिलो न्हाई.

मंग ग्रामसेवक म्हणला, "एक मार्ग आहे. ज्याचं घर आहे त्यानं लिहून द्यावं, की हे घर माझं, ही बाई इथं कामाला होती. वर पाठवतो."

सगळ्यांनी दत्तूकडं पाह्यलं. दत्तू खाली बसून काडीनं जमिनीवर रेघा मारून राह्यलता. त्याचा शेवटचा हप्ता यायचा होता. रेघा मारतच म्हणला, "न् त्या कागदावरून माझंच घर कटलं तर? एका घरावर दोन नावं निघाली म्हणतील. मला न्हाई जमायचं."

मी शिव्या घालायला तोंड उघडलं होतं. कौसाबाईनं हात वर केला. म्हणली, "राहू द्या मिस्त्री. त्याची लेकरं लहान हायेत."

न् दुसऱ्या दिवशी आठ वाजता कामावर आली, रोजच्यासारखी. दत्तू मात्र तिथून पुढं तिला पाहून टमटमचा रस्ता बदलायचा.

*

एकदा मोठा कार्यक्रम झाला. चावी वाटप. मांडव, खुर्च्या, भोंगे. ज्यांची घरं मंजूर त्यांना गाडी करून नेलं. आम्हालाही नेलं, टाळ्या वाजवायला. स्टेजवर पाहुणे हातभर लांबीची सोनेरी चावी द्यायचे, फोटो व्हायचा, पुढचा नंबर. सारजाबाईचा पण नंबर होता. तिच्या घराच्या तवा भिंतीच झाल्त्या. स्लॅब न्हाई, दार तर लांबच. तरी चावी मिळाली. छातीशी धरून खाली उतरली. मला म्हणली, "मिस्त्री, एवढं मोठं कुलूप कुठं भेटंल हो?"

भाषणात एक पाहुणे म्हणले, आता ह्या तालुक्यात बेघर माणूस औषधालाही सापडणार न्हाई. कौसाबाई माझ्या शेजारीच बसल्ती. टाळ्या वाजवल्या तिनं. काय करणार, आणलंच होतं त्यासाठी.

निघताना मांडवाच्या तोंडाशी एक कारकून पोतं घेऊन उभा. सगळ्यांच्या चाव्या पोत्यात टाकून घेऊन राह्यलता. सारजाबाई सोडंना.

"आजी, द्या जल्दी. उद्या दुसऱ्या तालुक्याला कार्यक्रम आहे, ह्याच चाव्या लागतात!"

गाडीत म्हातारी हिरमुसून बसली. कौसाबाई तिला म्हणली, "बघा आत्याबाई, माझं बरं हाय. मला दिलीच न्हाई, परत द्यायचा ताप न्हाई."

सगळी गाडी हसली. कौसाबाई खिडकीबाहेर पाहून राह्यली. मी तिच्याकडं पाह्यलं न्हाई. पाह्यलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

*

घरकुल ठराविक मुदतीत पुरं करावं लागतं, न्हाई तर नोटीस येते. आमच्या गावातलं एक जोडपं दरसाल अंकुशनगरकडं ऊस तोडायला जातं. त्यांचं घर मंजूर झालं, जोतं झालं, न् कोयता घेऊन दोघं निघून गेले. सहा महिने. नोटीस आली तर घ्यायला कुणी न्हाई. शिपाई म्हणला, घरावर चिकटवतो, तसा नियमच आहे. पण घर न्हाई म्हणूनच तर नोटीस! बराच विचार करून त्यानं ती समोरच्या लिंबाला चिकटवली, फोटो काढला, गेला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बकरीनं ती खाऊन टाकली.

पुढं चौकशीला साहेब आले. "नोटीस मिळाली होती का?"

शेजारीण म्हणली, "मिळाली ना साहेब. बकरीला."

"मंग उत्तर का दिलं न्हाई?"

"दिलं की. लेंड्या पडल्यात, उचलून न्या."

स्लॅबच्या दिवशी मात्र ते नवरा-बायको आले. मुकादमाकडून एका दिवसाची सुट्टी मागून, पहाटेच्या एसटीनं. बाईनं स्लॅबवर नारळ फोडला, खालून वर पाह्यलं, दोनदा. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले, फडात, पाचटाच्या कोपीत राहायला. त्यांच्या घरावर महिनाभर पाणी मारलं ते कौसाबाईनं. स्लॅबला पाणी कमी पडलं की तडे जातात. ती कामावर यायच्या आधी एकदा न् जाताना एकदा, हंड्यानं पाणी घालायची. त्याची मजुरी कुणी दिली न्हाई, तिनं मागितली पण न्हाई. मी म्हणलो, "काहून करती एवढं?"

"घर हाय मिस्त्री. कुणाचं का असंना. तहानलेलं ठेवावं का?"

*

काही वर्षं अशी गेली. मंग नवा सर्व्हे आला. आता फोनच माणूस ओळखतो म्हणे. फोन समोर धरायचा, तो चेहरा पाहतो, न् माणूस जिता आहे का फोटो आहे हे कळावं म्हणून डोळे मिचकावायला सांगतो.

ग्रामसेवक नवा होता, चांगला होता. ह्या बारीला स्वतः खोपटापाशी आला. कौसाबाई आत जाऊन बसली. बाहेर यायला तयार न्हाई. "जे काय काढायचं ते इथं काढा. बाहेर आले की तुमी कुणाचंबी घर मला चिकटवता."

तो वाकून, गुडघे टेकून आत गेला. फोन धरला. "हां बाई, आता डोळे मिचकावा."

"काय?"

"डोळे. असे. मिचकावा."

ती त्याच्याकडं पाहतच राह्यली. बाहेर चार बाया जमल्या होत्या. ती म्हणली, "काहो साहेब, माझा माणूस जिता असताना मी कधी त्याच्याकडं पाहून डोळे मिचकावले न्हाईत. आता ह्या वयात, चारचौघांत, तुमच्याकडं पाहून मिचकावू?"

बाया पदर तोंडाला लावून हसून राह्यल्या. ग्रामसेवक लाल झाला. "माझ्याकडं न्हाई बाई, फोनकडं!"

"फोन तुमच्याच हातात हाय ना?"

पाच वेळा झालं, सात वेळा झालं. ती जितकं समजून घेई तितके डोळे ताणून धरी. फोन म्हणायचा, माणूस सापडत न्हाई. ग्रामसेवक घामाघूम. म्हणला, "आज शेवटचा दिवस आहे, आज न्हाई झालं तर यादी बंद." तसं तिचं हसू गेलं. न् घाबरलेल्या माणसाचे डोळे तर मिटतच न्हाईत.

रहीमभाई बाहेरून सगळं पाहून राह्यलता. तो आत घुसला न् तिच्या तोंडापुढं दोन्ही हातांनी फाडकन टाळी वाजवली. कौसाबाईचे डोळे मिटले. उघडले. फोनवर हिरवी खूण आली.

"हो गया आक्का!"

कौसाबाईनं आधी त्याच्या पाठीत एक धपका घातला न् मंग रडली. आमच्या समोर पहिल्यांदा.

*

मंजुरी आली. पण मंजुरी म्हणजे घर न्हाई. घर बांधायला जागा लागते, न् ती नावावर लागते. गायरान सरकारचं. म्हणजे सरकार म्हणतं, तुला घर देतो, पण माझ्या जागेवर बांधू नको. जागा घ्यायला पण मदत आहे, बिलकुल आहे, मी खोटं बोलणार न्हाई. पण विकणारा पाहिजे ना! एक गुंठाभर तुकडा, तोही सरकारी मदतीत बसंल अशा भावात, कोण देतो? मी गाव पालथं घातलं. एक म्हणला भाऊ ऐकत न्हाई. एक म्हणला पुढं रोड होणार आहे. एकानं तर मला दारातूनच विचारलं, "ती घमेलेवाली आमच्या शेजारी?"

हसनाबादच्या शेटजीच्या दुकानात बसल्तो. सिमेंट-लोखंडाचं दुकान, तीन पिढ्यांपासून इथलेच, मारवाडी घरात बोलत असतील ते बोलत असतील, दुकानात आमच्यासारखंच बोलतात. मी त्यांच्यापुढं चिडचिड करून राह्यलो होतो. मंजुरीची मुदत संपत आल्ती. जागा न्हाई दाखवली तर नाव पुन्हा कटणार, न् आता पुढचा सर्व्हे कवा, कुणाला माहीत. कौसाबाईचे गुडघे गेले होते. घमेलं उचलताना तोंडातून आवाज निघायचा.

शेटजी म्हणले, "मिस्त्री, तुम्ही सगळ्यांना विचारलं. दत्तूला विचारलं का?"

"त्याला? त्याचं नाव काढू नका."

"त्याच्या घरामागं परसात जागा पडली आहे. मीच त्याला तार दिली कुंपणाची."

मी न्हाई गेलो. माझ्या अंगात ते न्हाई. तिसऱ्या दिवशी दत्तूच आला. टमटम उभी केली, उतरला न्हाई. स्टेअरिंग धरूनच म्हणला, "मिस्त्री, भोकरदनला जायचंय. कौसाबाईला बोलवा, आधार कार्ड घ्या म्हणावं."

"कशाला?"

"तवा लिहून न्हाई दिलं. आता देतो."

भोकरदनला जागेच्या खरेदीखतासाठी कचेरीत दिवसभर बसलो. दत्तूनं सही केली. तिनं अंगठा लावला, शाई पुसायला फडकं न्हवतं. दत्तूनं आपला रुमाल पुढं केला. परत येताना मी पुढं बसलो, ती मागं. अर्ध्या रस्त्यात ती म्हणली, "दत्तू, हळू चालव रे, खड्डे हायेत."

तो म्हणला, "बरं मावशी."

*

आखणीचा दिवस. आखणी म्हणजे जमिनीवर घर काढायचं. चार खुंट्या, सुताची दोरी, न् दोरीखालून पांढरी फक्की. रहीमभाईचं त्या दिवशी काहीच काम न्हवतं, तरी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आल्ता. दत्तूनं परस झाडून ठेवलं होतं. मी रेघा मारल्या. ही खोली, हे सैपाकघर. पूर्वेला दाराच्या जागी दोन विटा मांडल्या, एक इकडं, एक तिकडं.

कौसाबाई घमेलं घेऊन उभी. मी म्हणलो, "ठेव ते खाली. आज तू मालकीण आहेस. सांग, चूल कुठं घालू?"

आजपर्यंत तिनं किती चुलींची माती वाहिली, पण चूल कुठं घालू हे तिला कुणी विचारलं न्हवतं. रेघेच्या आत आली. ह्या कोपऱ्यात गेली, त्या कोपऱ्यात गेली. खोलीच्या मधोमध थांबली. खाली बसली. मंग आडवी झाली, नुसत्या मातीवर. पाय लांब केले, हात लांब केले. खोपटात ती आयुष्यभर गुडघे पोटाशी घेऊनच झोपत आल्ती, तेवढीच जागा होती. तिनं मान वळवून पायाकडं पाह्यलं, मंग डोक्याकडं. रेघ दोन्हीकडं लांब होती.

"पुरतं हो मिस्त्री," म्हणली.

न् तिचा डोळा लागला. आम्हाला वाटलं आता उठंल, मंग उठंल. न्हाईच. सकाळचे दहा वाजलेले. मी कुदळ हातात घेऊन उभा. खोदावं तर आवाज होणार. रहीमभाईनं माझ्या हातातून कुदळ काढून घेतली न् दत्तूच्या घराच्या भिंतीला टेकवली. दत्तूच्या बायकोनं शेजारचं कोंबडं हाकलून दिलं. ऊन तोंडावर यायला लागलं तसा दत्तू जाऊन उन्हाच्या बाजूला उभा राह्यला, त्याची सावली तिच्यावर पडेल असा. आम्ही सगळे रेघेच्या बाहेर थांबलो.

बारा वाजता साहेब आले. मोठे, तालुक्याचे, गाडीतून. हातात फाइल, मागं इंजिनेर. लांबूनच ओरडले, "काय मिस्त्री, काम बंद? मुदत माहीत आहे ना?"

रहीमभाई पुढं झाला. तोंडावर बोट ठेवलं. हळू आवाजात म्हणला, "साब, घर की मालकीन सोई है."

साहेबांनी पाह्यलं. चार खुंट्या, दोरी, पांढऱ्या रेघा, न् मधी धुळीत झोपलेली बाई. त्यांना तिच्यापाशी जायचं होतं, कागदावर अंगठा पाहिजे होता. सरळ निघाले. फक्कीच्या रेघेवर पाय टाकायला उचलला, न् तसाच मागं घेतला. रेघेच्या कडेकडेनं चालत गेले, कोपऱ्याला वळले, पूर्वेला आले. त्या दोन विटांपाशी थांबले. फाइल काखेत धरली.

न् हळूच म्हणले, "बाई, आत येऊ का?"